रोजच्या अन्नातील नैसर्गिक किरणोत्सर्ग : मोजमाप, मात्रा आणि अर्थ

प्रस्तावना

अन्नात किरणोत्सर्गी द्रव्य आहे असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो भेसळीचा किंवा अपघाताचा. वडोदऱ्यातील गोरवा परिसराच्या उत्तरेला फर्टिलायझरनगर आहे. तेथे अणुऊर्जा विभागाने १९७० च्या दशकात भारी पाण्याचा प्रकल्प उभारला. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला ‘किरणोत्सर्ग’ या शब्दाबरोबर त्या प्रकल्पाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः भारी पाण्यातील ड्यूटेरियम हा हायड्रोजनचा स्थिर समस्थानिक असून तो किरणोत्सर्गी नाही. उलट गोरव्याच्या बाजारातील हातगाडीवरचे केळे, किराणा दुकानातील तूरडाळ आणि सकाळी घरी येणारे दूध हे मात्र किरणोत्सर्गी आहेत. ते नेहमीच तसे होते आणि पुढेही राहतील.

ही माहिती वर्गात सांगितली की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना भीती वाटते, आणि काही जण म्हणतात की निसर्गातच किरणोत्सर्ग आहे, मग अणुप्रकल्पाच्या किंवा अपघाताच्या किरणोत्सर्गाची चिंता कशाला? या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे : मोजमाप न समजणे. प्रस्तुत लेखात रोजच्या अन्नातील नैसर्गिक किरणोत्सर्ग कोठून येतो, तो किती असतो, शरीराला त्याची किती मात्रा मिळते आणि त्या आकड्यांवरून कोणता निष्कर्ष काढता येतो व कोणता काढता येत नाही, याचा विचार केला आहे. सामुदायिक महाविद्यालयातील अध्यापकांना विज्ञान, गृहविज्ञान किंवा पर्यावरण या विषयांच्या तासाला वापरता येईल, अशा रीतीने उदाहरणे व गणिते दिली आहेत.

दोन एकके, दोन अर्थ

काही अणूंची केंद्रे अस्थिर असतात. ती आपोआप विघटित होतात आणि त्या वेळी अल्फा कण, बीटा कण किंवा गॅमा किरण बाहेर पडतात. दर सेकंदाला एक विघटन होत असेल, तर त्या पदार्थाची क्रियाशीलता १ बेकेरल आहे असे म्हणतात. बेकेरल हे केवळ मोजणीचे एकक आहे. किती अणू फुटले एवढेच ते सांगते. त्यामुळे शरीराला किती इजा संभवते हे ते सांगत नाही.

इजेच्या संभाव्यतेचा अंदाज देणारे एकक म्हणजे सिव्हर्ट. कण कोणता आहे, त्याची ऊर्जा किती आहे, ते द्रव्य शरीरात कोणत्या अवयवात जाते आणि तेथे किती काळ राहते, या सर्वांचा विचार सिव्हर्टमध्ये केलेला असतो. व्यवहारात सिव्हर्टचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट आणि दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट ही एकके वापरतात.

एक साधे उदाहरण घेऊ. खिशात शंभर नाणी आहेत एवढे कळल्याने रक्कम कळत नाही. नाणे किती रुपयांचे आहे हेही कळावे लागते. बेकेरल म्हणजे नाण्यांची संख्या आणि सिव्हर्ट म्हणजे रक्कम. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने प्रौढ व्यक्तीसाठी प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याचा जणू ‘दर’ ठरवून दिला आहे. अन्नावाटे पोटात गेलेल्या पोटॅशियम-४० च्या एका बेकेरलमागे ०.००६२ मायक्रोसिव्हर्ट, सीझियम-१३७ च्या एका बेकेरलमागे ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट आणि पोलोनियम-२१० च्या एका बेकेरलमागे १.२ मायक्रोसिव्हर्ट मात्रा धरली जाते. म्हणजे पोलोनियमचा एक बेकेरल हा पोटॅशियमच्या एका बेकेरलच्या जवळजवळ दोनशे पट ‘किमतीचा’ आहे. वर्तमानपत्रात नुसते बेकेरल छापून येतात तेव्हा हा फरक वाचकाच्या नजरेतून सुटतो.

पोटॅशियम-४० : अन्नातील मुख्य स्रोत

पोटॅशियमशिवाय कोणतीही वनस्पती वाढत नाही आणि कोणताही प्राणी जगत नाही. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंतील संदेशवहन, हृदयाचा ठोका या सर्वांना ते लागते. निसर्गातील पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के अणू पोटॅशियम-४० चे असतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. पृथ्वी घडली तेव्हापासून हे अणू आपल्याबरोबर आहेत. तेव्हा आजच्या कितीतरी पट अधिक होते, आज जे उरले आहेत ते शिल्लक साठ्यासारखे आहेत.

एक ग्रॅम पोटॅशियमची क्रियाशीलता किती, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवता येते. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे १.५४ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात. त्यांतील ०.०११७ टक्के म्हणजे सुमारे १.८ गुणिले १० चा १८ वा घात इतके अणू पोटॅशियम-४० चे. अर्धायुष्य सेकंदात मांडले तर ते सुमारे ३.९४ गुणिले १० चा १६ वा घात इतके सेकंद येते. ०.६९३ ला या संख्येने भागून अणूंच्या संख्येने गुणले की उत्तर येते सुमारे ३१.७. म्हणजे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला एकतीस ते बत्तीस विघटने होतात. अकरावी-बारावीच्या गणिताने सुटणारे हे उदाहरण आहे. पोटॅशियम कोठूनही आलेले असो, हे प्रमाण बदलत नाही.

त्यामुळे कोणत्याही अन्नपदार्थातील पोटॅशियम माहीत असेल, तर त्याला ३१ ने गुणून त्याची पोटॅशियमजन्य क्रियाशीलता काढता येते. नेहमीच्या पदार्थांचे दर किलोग्रॅममागे येणारे अंदाजे आकडे पुढीलप्रमाणे आहेत. वाण, जमीन आणि ओलावा यांनुसार त्यांत थोडाफार फरक पडतो.

तूरडाळ व राजमा (कोरडे) : सुमारे ४३० बेकेरल
शेंगदाणे : सुमारे २२० बेकेरल
खजूर : सुमारे २०० बेकेरल
बटाटा : सुमारे १३० बेकेरल
केळे : सुमारे ११० बेकेरल
गव्हाचे पीठ, बाजरी : सुमारे १०० बेकेरल
दूध (१ लिटर) : सुमारे ४५ बेकेरल
पांढरा तांदूळ : सुमारे ३० ते ३५ बेकेरल
साखर, तेल : जवळजवळ शून्य

या यादीकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ज्या पदार्थांना आहारतज्ज्ञ पौष्टिक म्हणतात, तेच वर आहेत. आणि ज्यांत नुसती ऊर्जा आहे, पोषण फारसे नाही, ते तळाशी आहेत. किरणोत्सर्ग टाळण्यासाठी आहार ठरवायचा म्हटले तर माणसाला साखर आणि तेलावर जगावे लागेल.

एका ताटाचा हिशेब

समजा, एका प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आहारात ३०० ग्रॅम गव्हाचे किंवा बाजरीचे पीठ, ६० ग्रॅम तूरडाळ, १५० ग्रॅम बटाटा, ३०० मिलिलिटर दूध आणि सोललेले १०० ग्रॅम केळे आहे. यातील पोटॅशियमची क्रियाशीलता अनुक्रमे सुमारे ३०, २६, २०, १४ आणि ११ बेकेरल होते. बेरीज १०१. म्हणजे साध्या शाकाहारी आहारातून दररोज सुमारे १०० बेकेरल शरीरात जातात. हा आहार पोटॅशियमच्या दृष्टीने जवळजवळ योग्य आहे. कारण जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांनी दररोज किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावे अशी शिफारस केली असून या ताटात सुमारे ३३०० मिलिग्रॅम आहे.

आता प्रश्न असा की दररोज १०० बेकेरल आत जात असतील, तर वर्षाला ३६,५०० बेकेरल साठतील काय? तसे होत नाही. निरोगी मूत्रपिंडे रक्तातील पोटॅशियमची पातळी अतिशय काटेकोरपणे राखतात. जेवढे आत येते जवळजवळ तेवढेच बाहेर टाकले जाते. ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्याची क्रियाशीलता सुमारे ४४०० बेकेरल असते. दोन केळी जास्त खाल्ली म्हणून हा साठा वाढत नाही आणि एक दिवस उपवास केला म्हणून तो लक्षणीय घटत नाही. म्हणूनच पोटॅशियमची वार्षिक मात्रा ताटावरून न काढता शरीरातील साठ्यावरून काढतात. ती वर्षाला सुमारे ०.१७ मिलिसिव्हर्ट येते.

‘एक केळे म्हणजे ०.१ मायक्रोसिव्हर्ट’ असे एक लोकप्रिय माप गेल्या काही वर्षांत प्रचारात आहे. गणित म्हणून ते ढोबळमानाने बरोबर आहे. मध्यम केळ्यात सुमारे १३ बेकेरल असतात आणि त्यांस ०.००६२ ने गुणले की ०.०८ मायक्रोसिव्हर्ट येते. परंतु शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकत असल्यामुळे केळे खाणाऱ्याला ही मात्रा ‘वाढीव’ म्हणून प्रत्यक्षात मिळत नाही. हे माप विद्यार्थ्यांना आकड्यांची सवय लावण्यापुरते वापरावे. त्यावरून तुलना करताना मात्र सावध राहावे.

येथे एक आरोग्यविषयक सूचना आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला डॉक्टर केळी, नारळपाणी, खजूर कमी करायला सांगतात किंवा बटाटे उकडून पाणी टाकून द्यायला सांगतात, ते किरणोत्सर्गामुळे नव्हे. अशा रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होण्याचा धोका असतो. कमी सोडियमच्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, म्हणून असे मीठही त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. धोका एकाच द्रव्याचा असला तरी त्याचे कारण रासायनिक आहे की प्रारणाचे आहे, हे वेगळे सांगणे शिक्षकाचे काम आहे.

मासळी आणि पोलोनियम

अन्नातील दुसरा मोठा स्रोत युरेनियम आणि थोरियम यांच्या विघटन-साखळ्यांतून येतो. जमिनीतील युरेनियमपासून पुढे रेडियम, त्यापासून रेडॉन वायू, आणि रेडॉनपासून शिसे-२१० व पोलोनियम-२१० तयार होतात. शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आणि पोलोनियम-२१० चे १३८ दिवस आहे. रेडॉन हवेत मिसळतो, त्याची अपत्य-द्रव्ये धुळीला चिकटून पावसाबरोबर जमिनीवर व समुद्रात पडतात. समुद्रातील सूक्ष्म जीव ती शोषतात, त्यांना शिंपले व लहान मासे खातात. अशा रीतीने पोलोनियम सागरी अन्नसाखळीत साठत जाते. माशाच्या मांसापेक्षा त्याच्या यकृतात व आतड्यांत ते अधिक असते. आणि तिसऱ्या, कालवे यांसारखे प्राणी आपण आतड्यांसह संपूर्ण खात असल्याने त्यांतून ते अधिक मिळते.

पोलोनियम अल्फा कण सोडते. बेकेरल कमी असले तरी मात्रा जास्त का, हे यावरून समजते. समजा, शिंपल्यांच्या मांसात दर किलोग्रॅममागे २० बेकेरल पोलोनियम आहे. त्यातील १०० ग्रॅम खाल्ल्यास २ बेकेरल आणि म्हणून २.४ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळेल. केळ्याच्या हिशेबातील ०.०८ च्या तुलनेत ही तीस पट आहे. तरीही छातीच्या एका क्ष-किरण चित्राच्या मात्रेपेक्षा, जी साधारण २० ते १०० मायक्रोसिव्हर्ट असते, ती पुष्कळच कमी आहे. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मासळी खाल्ली जाते. तिच्यातील प्रथिने आणि स्निग्धाम्ले यांचा लाभ या मात्रेपेक्षा निर्विवाद मोठा आहे. पोलोनियमचे अर्धायुष्य कमी असल्यामुळे सुकवून साठवलेल्या मासळीतील पोलोनियम काही महिन्यांत घटत जाते, हीही एक रोचक बाब आहे.

सर्व स्रोत एकत्र घेतले तर चित्र काय दिसते? अणुप्रारणाच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २००८ च्या अहवालात जगातील सरासरी माणसाची नैसर्गिक प्रारणमात्रा वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट दिली होती. त्यातील १.२६ मिलिसिव्हर्ट श्वासावाटे, मुख्यतः रेडॉनमुळे, ०.४८ जमीन व बांधकामातून, ०.३९ अंतराळातून येणाऱ्या किरणांतून आणि ०.२९ अन्नपाण्यातून असा हिशेब होता. अन्नाचा वाटा एकूण मात्रेच्या सुमारे एक अष्टमांश आहे. या ०.२९ मध्ये ०.१७ पोटॅशियमचे आणि उरलेले ०.१२ युरेनियम-थोरियम साखळ्यांचे.

तंबाखू : जो ताटात नाही पण शरीरात जातो

वडोदऱ्याच्या वायव्येला असलेल्या आणंद-खेडा भागात, म्हणजेच चरोतरात, विडीच्या तंबाखूचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. तंबाखूच्या पानावर चिकट केस असतात आणि हवेतील रेडॉनची अपत्य-द्रव्ये त्यांना चिकटून बसतात. मुळावाटेही थोडा अंश येतो. सिगारेटच्या धुरात पोलोनियम-२१० असते हे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. अन्नावाटे गेलेल्या पोलोनियमचा बराचसा भाग शरीराबाहेर जातो. धुराबरोबर आलेले मात्र श्वासनलिकांच्या फाट्यांवर साचून तेथील नाजूक पेशींना दीर्घकाळ अल्फा कण देत राहते.

तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगाचे मुख्य कारण त्यातील रासायनिक द्रव्ये आहेत. पोलोनियम त्यात भर घालते. केळ्यातील किरणोत्सर्गाची चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्याने घरातील विडी-सिगारेटची चौकशी आधी करावी, असे सांगण्यास येथे पुरेसा आधार आहे.

खताच्या पोत्यातील आकडा

फर्टिलायझरनगरात १९६२ मध्ये स्थापन झालेली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स ही कंपनी आहे. खतांचा आणि किरणोत्सर्गाचा संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला पोटॅशचा. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या एका किलोग्रॅममध्ये सुमारे ५०० ग्रॅम पोटॅशियम असते. त्याची क्रियाशीलता सुमारे १५,५०० बेकेरल, आणि ५० किलोग्रॅमच्या पोत्याची सुमारे ७ लाख ७५ हजार बेकेरल. आकडा भीतिदायक वाटतो, परंतु पोत्याजवळ काम करणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून मिळणारी मात्रा अगदी अल्प असते. शिवाय पोटॅश घातल्याने पीक ‘अधिक किरणोत्सर्गी’ होते असे म्हणणे योग्य नाही. दर ग्रॅम पोटॅशियममागील ३१ चे प्रमाण कायम राहते आणि आपल्या शरीरातील साठाही कायम राहतो.

दुसरा संबंध फॉस्फेटचा. फॉस्फेटच्या खडकात युरेनियम आणि त्याची अपत्य-द्रव्ये असतात. फॉस्फोरिक आम्ल तयार करताना रेडियमचा मोठा भाग फॉस्फोजिप्सम या टाकाऊ पदार्थात जातो. या फॉस्फोजिप्समच्या बांधकामातील वापरावर अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घातल्या आहेत. येथे काळजीचा विषय घराच्या भिंतींचा आणि रेडॉनचा आहे, भाजीचा फारसा नाही.

मुंबईतील लोण्याचा खटला

आता अशा प्रसंगाकडे वळू, जेथे अन्नातील किरणोत्सर्गाचा प्रश्न थेट न्यायालयात गेला. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा अपघात झाला आणि किरणोत्सर्गी धूळ युरोपभर पसरली. त्या काळात युरोपीय आर्थिक समुदायाकडून मदत म्हणून दुधाचे पदार्थ भारतात येत असत. आयर्लंडहून आलेल्या लोण्याच्या वाटपास मुंबईतील काही नागरिकांनी आक्षेप घेतला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. हा खटला ‘शिवराव शांताराम वागळे विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये अन्नातील मानवनिर्मित किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मर्यादा ठरविल्या होत्या. त्या मर्यादेतील अन्न सुरक्षित आहे काय, हा प्रश्न न्यायालयाने तीन तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. समितीचे उत्तर होकारार्थी आले आणि १९८८ मध्ये याचिकाकर्त्यांची मागणी अमान्य झाली.

शास्त्रीय दृष्टीने या प्रकरणात बरेच शिकण्यासारखे आहे. सीझियम पाण्यात विरघळते. लोणी काढताना त्याचा बहुतेक भाग ताकात राहतो आणि लोण्यात थोडाच उतरतो. आपल्या घरी घुसळण करतानाही पोटॅशियमचे असेच होते. म्हणजे दुधाच्या तुलनेत लोणी हा पदार्थ या बाबतीत कमी जोखमीचा. मर्यादेचा आकडा समजून घेण्यासाठी जपानचे उदाहरण उपयोगी आहे. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानने २०१२ पासून दुधातील सीझियमची मर्यादा दर किलोग्रॅममागे ५० बेकेरल ठरविली. दुधातील नैसर्गिक पोटॅशियमही जवळजवळ तेवढेच, म्हणजे ४५ बेकेरल आहे.

येथेच दोन मोहांपासून सावध राहावे लागते. पहिला मोह म्हणजे ‘५० बेकेरल सीझियम’ हे शब्द ऐकून दूध ओतून देणे. अशा एका लिटर दुधाची मात्रा ०.६५ मायक्रोसिव्हर्ट आहे. आपल्या शरीरातील पोटॅशियम दररोज देत असलेल्या मात्रेच्या ती सुमारे दीड पट आहे. दुसरा मोह म्हणजे ‘दुधात तसेही ४५ बेकेरल असतात’ असे म्हणून प्रश्न झटकून टाकणे. पोटॅशियमचा साठा शरीर स्वतः राखते, सीझियमचा राखत नाही; रोज सीझियम पोटात गेले तर ते स्नायूंत साठत जाते आणि निम्मे बाहेर पडायला प्रौढ शरीरात साधारण शंभर दिवस लागतात. पोटॅशियमची मात्रा अटळ आहे, सीझियमची मात्रा कोणाच्या तरी कृतीमुळे आलेली आहे. म्हणूनच मानवनिर्मित स्रोतांसाठी सामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही वेगळी मर्यादा आहे आणि ती नैसर्गिक मात्रेच्या वर मोजली जाते.

अन्नातील किरणोत्सर्गामुळे प्रत्यक्ष हानी होऊ शकते, याचे दुर्दैवी उदाहरण चेर्नोबिलनेच दिले. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आसपासच्या मुलांनी आयोडीन-१३१ असलेले दूध प्यायले. त्या भागात, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यातील मोठा वाटा या दुधाचा होता. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस आहे. तेच दूध भुकटी करून ऐंशी दिवस ठेवले असते, तर त्यातील आयोडीन हजाराव्या भागावर आले असते. वेळेवर माहिती न देण्याची किंमत मुलांनी मोजली. ‘केळ्यातही किरणोत्सर्ग असतो’ हे वाक्य अशा प्रसंगी उत्तर होऊ शकत नाही.

किरणित अन्न म्हणजे किरणोत्सर्गी अन्न नव्हे

विद्यार्थ्यांचा आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची प्रक्रिया करणारे केंद्र आहे. २००७ पासून अमेरिकेला निर्यात झालेल्या आंब्यांवरही अशी प्रक्रिया केली गेली. या किरणांची ऊर्जा अणुकेंद्रात बदल घडवून आणण्यास पुरेशी नसते. त्यामुळे कांदा किंवा आंबा प्रक्रियेपूर्वी जेवढा किरणोत्सर्गी होता तेवढाच, म्हणजे आपल्या पोटॅशियमपुरता, नंतरही राहतो. दिव्याखाली ठेवलेली वस्तू दिवा होत नाही, इतके साधे हे उदाहरण आहे.

पिण्याच्या पाण्यातील युरेनियमविषयीही असाच गैरसमज आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सुचविलेली लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा प्रारणामुळे नसून युरेनियमच्या मूत्रपिंडावरील रासायनिक परिणामामुळे आहे.

वर्गात काय करता येईल

पहिला उपक्रम कागदावरचा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका दिवसाच्या आहाराची नोंद करावी, पदार्थांतील पोटॅशियम आहारविषयक तक्त्यातून घ्यावे आणि बेकेरल काढावेत. बहुतेकांचे उत्तर ५० ते १२० च्या दरम्यान येईल. ज्यांचे फार कमी येईल, त्यांच्या आहारात डाळ, भाजी आणि फळे कमी आहेत, हा निष्कर्ष किरणोत्सर्गापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरेल.

दुसरा उपक्रम प्रयोगशाळेतला. गायगर गणक उपलब्ध असल्यास आधी रिकाम्या टेबलावरील मोजणी दहा मिनिटे घ्यावी, नंतर प्रयोगशाळेतील पोटॅशियम क्लोराइडची बाटली उघडून त्यातील थोडी पूड बशीत ठेवून तितकाच वेळ मोजणी घ्यावी. दोन्हींतील फरक दिसतो. केळ्यावर मात्र बहुधा फरक दिसणार नाही. ‘आहे’ आणि ‘मोजता येते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ध्यानात येते.

तिसरा उपक्रम वाचनाचा. वर्तमानपत्रातील बातमीत बेकेरलचा आकडा आला की विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत : द्रव्य कोणते? किती किलोग्रॅममागे? ते अन्न किती खाल्ले जाते? आणि ते लहान मूल खाते की प्रौढ? या चार प्रश्नांची उत्तरे नसलेली बातमी अपुरी आहे, मग ती घाबरवणारी असो वा दिलासा देणारी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की अन्नातील नैसर्गिक किरणोत्सर्ग ही पोषणाची सोबत आहे आणि तिची मात्रा अल्प व जवळजवळ स्थिर असते. त्यातील पोटॅशियमचा भाग शरीर स्वतः मर्यादेत ठेवते. यावरून केळे, डाळ किंवा मासळी टाळण्याचे कोणतेही कारण निघत नाही. त्याच वेळी, निसर्गात किरणोत्सर्ग आहे एवढ्यावरून माणसाने त्यात भर घालण्याचा परवानाही निघत नाही. भर किती, कोणत्या द्रव्याची, कोणाच्या ताटात आणि त्याला सांगून की न सांगता, हे प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागतात. मुंबईतील नागरिकांनी १९८७ मध्ये तो प्रश्न विचारला म्हणून तज्ज्ञांना न्यायालयात उत्तर द्यावे लागले. प्रश्न विचारण्याचा हक्क आणि उत्तर समजून घेण्याची तयारी, दोन्ही विद्यार्थ्यांच्या ठायी यावीत, यासाठी ३१ या एका आकड्यापासून सुरुवात करता येईल.